‘डायॅफनस’ला पारदर्शक म्हटले की का खटकते?

‘मी एका इंग्रजी कथेचा मराठी अनुवाद करीत आहे. त्या कथेत डायॅफनस हे विशेषण तीन वेळा आले आहे : एकदा तळ्यावरच्या धुक्याला, एकदा आजीच्या खोलीतील पडद्याला आणि शेवटी त्याच आजीच्या हाताच्या कातडीला. शब्दकोशात पारदर्शक असा अर्थ मिळाला, म्हणून मी तिन्ही ठिकाणी तोच ठेवला. परंतु संपादकांनी तिन्ही जागी रेघ ओढून खटकते एवढाच शेरा मारला आहे. या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कोठून आणि मराठीत त्याला काय म्हणावे?’ असा प्रश्न एका नवोदित अनुवादकाने विचारला आहे. सोलापुरात राहून गेली तीस वर्षे मी भाषांतराचे काम करीत आलो आहे. त्यात कथा-कादंबऱ्या आहेत, तशी इथल्या चादरी आणि टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांची माहितीपत्रकेही आहेत. या एका शब्दाच्या बाबतीत मला पुस्तकांपेक्षा कापडाने अधिक शिकवले, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

शब्दकोशाने तुम्हाला खोटे सांगितलेले नाही. डायॅफनस म्हणजे ज्याच्या आरपार दिसते असे, हा अर्थ कोशात असतो आणि तो बरोबरच आहे. अडचण अशी आहे की आरपार दिसण्याचे अनेक प्रकार असतात, आणि इंग्रजी लेखक जेव्हा पारदर्शकासाठी रोजचा शब्द हाताशी असताना तो बाजूला ठेवून हा दुर्मीळ शब्द उचलतो, तेव्हा त्याला त्या प्रकारांपैकी एकच प्रकार सांगायचा असतो. तो प्रकार कोणता हे कळल्याशिवाय मराठी शब्द शोधायला बसणे व्यर्थ आहे.

मला तो प्रकार कसा कळला, ते आधी सांगतो. अनुवादाच्या सुरुवातीच्या काळात मीही एका कथेत या शब्दाला पारदर्शक म्हणून मोकळा झालो होतो, आणि छापून आल्यावर ते वाक्य मला स्वतःलाच टोचत राहिले. त्या सुमारास आमच्या शेजारी शहराच्या पूर्व भागातील एक वयस्क विणकर राहत असत. त्यांचे आयुष्य चादरीच्या मागावर गेले होते. चादर हे जाड, दुहेरी विणीचे, उजेडाला आडवे येणारे कापड. पण कापड पारखण्याची त्यांची रीत सगळ्या कापडांना एकच होती. कोणतेही कापड हातात आले की ते दाराशी जात आणि उजेडासमोर धरत. एकदा घरात मलमलीचा जुना तुकडा होता, तो मी त्यांना दाखवला. त्यांनी तो दाराच्या चौकटीत धरला आणि म्हणाले, ‘उजेडाला धरून बघा की हो, सर. उजेड पण दिसतोय, सूत पण दिसतंय.’ माझ्या शब्दाची सगळी व्याख्या त्या एका वाक्यात होती.

काचेच्या तावदानातून पाहताना काच दिसत नाही, आणि ती जितकी चांगली तितकी ती कमी दिसते. आपली नजर तिला ओलांडून थेट पलीकडे जाते. दुधी काचेचे उलट असते : उजेड आत येतो, पण पलीकडे माणूस आहे की झाड आहे हे ओळखता येत नाही. डायॅफनस वस्तू या दोहोंच्या मध्ये उभी असते. तिच्यातून उजेड येतो, पलीकडच्या वस्तूचा आकारही येतो, पण मधले आवरण नाहीसे होत नाही. त्याचा पोत, त्याची वीण, त्याची नाजूक जाडी आपल्याला दिसत राहते, किंबहुना मागून आलेल्या उजेडामुळेच ती अधिक दिसते. नजर आवरणावरही थांबते आणि पलीकडेही जाते. या शब्दाला पातळपणा, हलकेपणा आणि एक प्रकारची कोवळीक लागते. म्हणूनच हिऱ्याला किंवा भिंगाला आजचा इंग्रजी लेखक हे विशेषण लावत नाही. बुरखा, पडदा, ओढणी, किड्यांचे पंख, फुलाची पाकळी, धुके, विरळ ढग यांना लावतो.

आता उगमाकडे येऊ. मूळ शब्द ग्रीक आहे : डायाफानेस. त्यातील डाया म्हणजे मधून, आरपार. आणि दुसरा भाग फाइनेइन या क्रियापदापासून आलेला, ज्याचा अर्थ प्रकट करणे, दाखवणे, दृष्टीस आणणे. हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमध्ये डायाफानुस या रूपाने गेला आणि 17व्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत आजच्या रूपात रुळला.

या फाइनेइनच्या मुळाशी आपले घरचे नाते आहे, आणि हा भाग मला फार प्रिय आहे. भाषाशास्त्रज्ञ ज्या प्राचीन धातूपासून हे ग्रीक क्रियापद काढतात, त्याच धातूपासून संस्कृतातील भा, म्हणजे प्रकाशणे, हा धातू आला आहे. प्रभा, आभा, भानू, प्रभात हे आपण रोज उच्चारतो ते सगळे शब्द त्या दृष्टीने डायॅफनसच्या उत्तरार्धाचे चुलतभाऊ आहेत. भा याचाच विस्तार भास् असा होतो, आणि मराठीत भास या शब्दाचे जे झाले आहे तेच ग्रीकमध्येही घडले. प्रकाशणे यावरून दिसणे, दिसणे यावरून दिसल्यासारखे वाटणे, आणि तेथून नसलेलेच दिसणे, असा अर्थाचा प्रवास आपल्याकडे भास आणि आभास या शब्दांत झाला. ग्रीकमध्ये त्याच फाइनेइनपासून निघालेल्या शब्दांनी पुढे इंग्रजीला फँटम म्हणजे भूतछाया आणि फँटसी म्हणजे कल्पनेचा खेळ हे शब्द दिले. दोन भाषा एकमेकींपासून हजारो मैलांवर राहूनही उजेडापासून निघून भ्रमापर्यंत एकाच वाटेने चालत गेल्या. मात्र एक सावधगिरी बाळगावी : भाषा हा शब्द या कुळातला नाही, तो भाष् म्हणजे बोलणे या वेगळ्या धातूचा आहे. कानाला जवळचा वाटतो म्हणून त्याला येथे ओढू नये.

व्युत्पत्ती इतकी सुंदर असली की तिच्यावरच विसंबण्याचा मोह होतो. नेमका तोच मोह येथे आपल्याला फसवतो. लॅटिनमधून आलेल्या ट्रान्स्परंट या शब्दाची फोड करून पाहा : ट्रान्स म्हणजे पलीकडे, आरपार, आणि पारेरे म्हणजे दिसणे, प्रकट होणे. आपल्या पारदर्शकाची फोड तर सर्वांनाच ठाऊक आहे. म्हणजे ग्रीक, लॅटिन आणि मराठीत घडवलेला संस्कृत, असे तिन्ही शब्द एकाच नकाशावर बांधलेले आहेत : आरपार अधिक दिसणे. केवळ व्युत्पत्तीच्या जोरावर त्यांत तसूभरही फरक करता येणार नाही. तुम्ही पारदर्शक लिहिलेत ते या अर्थी अगदी शब्दशः बरोबर होते, आणि तरी वाक्य बिघडले, कारण शब्दाचा आजचा अर्थ त्याच्या अवयवांत नसून त्याच्या वापरात असतो. ट्रान्स्ल्युसंट या आणखी एका इंग्रजी शब्दात लुकेरे म्हणजे प्रकाशणे आहे, त्यात फक्त उजेड पार होतो. बांधणीने डायॅफनस ट्रान्स्परंटच्या जवळ आहे. आज वापराने तो ट्रान्स्ल्युसंटकडे झुकला आहे.

हे झुकणे कसे झाले, ते पाहण्यासारखे आहे. ॲरिस्टॉटलने आत्म्यावरील ग्रंथात दृष्टीची चर्चा करताना डायाफानेस हा शब्द तत्त्वज्ञानाच्या कामाला लावला. हवा, पाणी आणि अनेक घन पदार्थ यांच्यात एक समान गुण आहे, ज्यामुळे त्यांच्यातून रंग दिसू शकतो, आणि तो गुण प्रत्यक्षात उतरला की त्यालाच आपण प्रकाश म्हणतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्याच्या वंशातून हा शब्द युरोपातील पंडितांकडे आला, म्हणून इंग्रजीतही तो आरंभी शास्त्रीय शब्दच होता. रॉबर्ट बॉईलने 1664 मध्ये रंगांवरील प्रयोगांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात काच आणि स्वच्छ द्रव यांच्यासाठी हा शब्द सरळ पारदर्शक याच अर्थाने येतो. त्यामुळे तुम्ही जर 17व्या शतकातील गद्याचा अनुवाद करीत असता, तर मी संपादकांच्या विरुद्ध तुमची बाजू घेतली असती आणि पारदर्शक हाच शब्द ठेवावा असे सांगितले असते.

पुढे शास्त्राने ट्रान्स्परंट हा शब्द कायम केला आणि डायॅफनसला ते काम उरले नाही. एकाच कामाला दोन शब्द असले की एक घरात राहतो आणि दुसरा वेगळे काम शोधतो. हे मराठीतही आपण पाहतो. डायॅफनसला ते काम कापडाने दिले. 18व्या शतकाच्या अखेरीस आणि 19व्याच्या आरंभी इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या पोशाखात बंगालहून येणाऱ्या तलम मलमलीची मोठी चलती होती, आणि त्या कापडाबद्दल बोलण्यासाठी लेखकांना पातळ, नाजूक आणि उजेड आत घेणारे असे सगळे एकदम सांगणारा शब्द हवा होता. माझ्या वाचनावरून माझे मत असे झाले आहे की या शब्दाला आजची कोवळीक त्या मलमलीच्या सहवासाने आली. ढाक्याच्या विणकरांच्या मलमलीच्या प्रकारांची नावे ऐकली तरी हे पटते : आब-ए-रवान म्हणजे वाहते पाणी, शबनम म्हणजे दव, बाफ्त-हवा म्हणजे विणलेली हवा. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी कापड पारदर्शक आहे असे म्हटले नाही. ते पाण्यासारखे, दवासारखे, हवेसारखे आहे असे म्हटले. तुमच्या कथेतील धुक्याशी ही नावे किती जवळून बोलतात, ते ध्यानात घ्या.

कापडाशी असलेले हे नाते पुढेही सुटले नाही. स्वित्झर्लंडमधील ज्याक ब्रांडनबर्गर हा वस्त्रोद्योगातलाच अभियंता होता. कापडावर डाग पडू नये, ओल शिरू नये, असा लेप देण्याच्या खटपटीत असताना त्याचा तो लेप कापडाला धरून न राहता पातळ पापुद्र्यासारखा सुटून आला, आणि 20व्या शतकाच्या आरंभी त्यातून जे उत्पादन उभे राहिले त्याला सेल्युलोज आणि फ्रेंचमधील डायाफान हे दोन शब्द जोडून सेलोफेन असे नाव मिळाले. मिठाईच्या पुड्यावर चुरचुरणारा तो कागद म्हणजे तुमच्या दुर्मीळ साहित्यिक शब्दाचा बाजारात बसलेला सख्खा भाऊ आहे.

बाजारावरून आठवले, म्हणून सांगतो : माहितीपत्रकांत हा शब्द मला क्वचितच भेटला. व्यापारात कापड किती विरळ आहे ते जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम यावरून सांगतात. आमच्याकडचा टेरी टॉवेल सहसा 400 ते 600 च्या घरात असतो, तर आरपार दिसणारे पडद्याचे कापड 100 च्या खालीच राहते, आणि त्याला व्यापारी शीअर म्हणतात. शीअर मोजता येतो; डायॅफनस मोजता येत नाही. हा शब्द पाहणाऱ्याच्या डोळ्यात काय घडले ते सांगतो, म्हणून तो कथेत येतो आणि बिलात येत नाही.

आता मराठीकडे. पारदर्शक का खटकतो याला दोन कारणे आहेत. पहिले वर येऊन गेले : तो आवरण पुसून टाकतो. दुसरे कारण आपल्या काळाचे आहे. गेल्या काही दशकांत पारदर्शक हा शब्द कारभार, व्यवहार, निविदा, भरती अशा शब्दांबरोबर इतका फिरला आहे की त्याला कचेरीचा वास लागला आहे. तळ्यावर पारदर्शक धुके पसरले होते असे वाचले की वाचकाच्या मनात तळे उभे राहण्याआधी टेबल उभे राहते. अर्धपारदर्शक हा शब्द अर्थाने अधिक जवळचा असला तरी तो शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उठून आल्यासारखा वाटतो. प्रयोगाच्या वर्णनात तो शोभतो, आजीच्या खोलीत शोभत नाही.

मराठीत या मुलखात वावरणारे शब्द पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाची हद्द वेगळी आहे. तलम हा सूत आणि स्पर्श सांगतो. तलम कापडातून दिसेलच असे नाही. झिरझिरीत हा मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात झिरपण्याची चाहूल आहे आणि उजेड झिरपतो असे आपण सहज म्हणतो. मात्र तो माणसाच्या अंगावरच्या वस्त्राला लावला की आपल्या समाजात त्याला थोडी अमर्यादेची छटा येते, जी इंग्रजी शब्दातही कधी कधी असते आणि कधी कधी मुळीच नसते. विरविरीत हा झिजलेल्या किंवा हलक्या विणीच्या कापडाचा शब्द आहे. त्यात उणेपणा आहे. कापड विरले असे आपण म्हणतो तेव्हा ते फाटायला आले आहे असा अर्थ असतो. विरळ हा धुके, ढग, केस यांचा शब्द. नितळ हा पाण्याचा आणि क्वचित मनाचा. त्याला आवरणच नाही, म्हणून तो येथे नको.

यांतला कोणता शब्द घ्यावा, हे विशेषण कोणत्या नामाला लागले आहे आणि पाहणारा कोठे उभा आहे यावर अवलंबून राहील, आणि तुमची मूळ कथा समोर नसताना मी छातीठोकपणे एकच शब्द सांगणे योग्य होणार नाही. तरी माझा रिवाज सांगतो. मी वाक्य पुढे ठेवून स्वतःला विचारतो की येथे उजेड कोणत्या बाजूने येत आहे. डायॅफनस वस्तूच्या मागे उजेड असावा लागतो. तो लेखकाने सांगितलेला नसला तरी दृश्यात कोठे तरी असतोच. तो सापडला की बहुतेक वेळा विशेषणाची गरजच उरत नाही, कारण मराठीला हे काम क्रियापदाने करणे अधिक मानवते : उजळणे, झिरपणे, पाझरणे, डोकावणे, उमटणे. इंग्रजीत जे एका विशेषणात गोठवलेले असते ते मराठीत घडताना दाखवावे लागते. पण चतुराच्या पंखांना मी अजूनही पारदर्शकच म्हणतो, कारण तेथे पंखावरील शिरांची जाळी इतकी ठळक असते की शब्दाने पुसले तरी आवरण पुसले जात नाही.

धुक्याचे पाहा. हिवाळ्यात पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभे राहिले आणि पाण्यावर धुके असले, तर मंदिराचे शिखर दिसते, पण ते धुक्यातून दिसते. शिखराइतकेच धुकेही पाहिल्याचे समाधान मिळते. सूर्य मंदिराच्या मागे वर येऊ लागला की धुके स्वतःच उजळते. ‘तळ्यावर विरळ धुके होते आणि पलीकडचा काठ त्यातून हळूहळू उजळत होता,’ असे काहीसे वाक्य मी लिहीन. पडद्याला झिरझिरीत हा शब्द निःशंकपणे चालेल, कारण तेथे अमर्यादेची छटा येत नाही. ‘खिडकीच्या झिरझिरीत पडद्यातून दुपार आत झिरपत होती,’ असे म्हणता येईल, फक्त झिरझिरीत आणि झिरपणे यांचा नाद एकाच वाक्यात जास्त होतो आहे का, हे मोठ्याने वाचून ठरवा.

उच्चाराविषयी थोडक्यात : जोर दुसऱ्या अवयवावर आहे, डाय-ॲ-फनस असा. तुम्ही प्रश्नात तो बरोबर लिहिला आहे, पण अनेक जण डायाफेनस म्हणतात, आणि काही जण त्याचा डायफ्रॅमशी संबंध जोडतात. डायफ्रॅममध्ये डाया तोच असला तरी पुढे फ्राग्मा म्हणजे कुंपण आहे. छाती आणि पोट यांच्या मधला तो पडदा अडवणारा आहे. एक पडदा जाऊ देतो, दुसरा अडवतो, असे दोघांना लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

आता हाताच्या कातडीविषयी, आणि त्याबरोबर एका गोष्टीविषयी जी तुमच्या प्रश्नात दडलेली आहे. लेखकाने एकच दुर्मीळ शब्द तीन वेळा वापरला आहे. सामान्य शब्द तीनदा आला तर तो योगायोग असू शकतो. असा शब्द तीनदा आला तर तो हेतू असतो. तळ्यावरचे धुके, आजीच्या खोलीतील पडदा आणि आजीचा हात यांतून एकच उजेड जात आहे, असे त्याला सुचवायचे असावे. तुम्ही तिन्ही ठिकाणी पारदर्शक ठेवलात तेव्हा तो धागा टिकला होता, हे तुमच्या पदरात टाकले पाहिजे. संपादकांच्या शेऱ्याने घाबरून तीन ठिकाणी तीन सुटे शब्द टाकाल तर प्रत्येक वाक्य सुधारेल आणि धागा तुटेल. म्हणून माझा सल्ला असा की विशेषणे खुशाल वेगवेगळी घ्या, अथवा घेऊच नका, पण उजळणे किंवा उजेड यांपैकी एक शब्द तिन्ही जागी राहू द्या. पडद्याच्या वाक्यातही दुपारऐवजी दुपारचा उजेड म्हणा, म्हणजे मघाशी बोललेला नादही जरा सैल होईल. कातडीसाठी मला सोलापूरच्या कांद्याच्या बाजाराने एक उपमा दिली आहे. कांद्याची जाड साल काढली की दोन पाकळ्यांच्या मध्ये एक पातळ पापुद्रा निघतो. तो बोटांवर घेऊन उन्हात धरला की बोटेही दिसतात आणि पापुद्र्याच्या रेघाही दिसतात. ही उपमा मूळ कथेत नाही, तेव्हा ती घालण्याचे स्वातंत्र्य तुमचे संपादक देतील की नाही ते त्यांना विचारावे लागेल. दिले, तर शेवटचे वाक्य असे होऊ शकेल : ‘आजीने हात उन्हात धरला, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, आणि आतल्या निळ्या शिरा उजळून दिसत होत्या.’ न दिले, तर पापुद्रा काढून टाका आणि शिरा तशाच उजळू द्या.